डाव्या खांद्याची बंदूक

माझ्या हातून एकोणीस बंदुका झाल्या. सगळ्या ठासणीच्या, सगळ्या चकमकीच्या म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या, आणि सगळ्या उजव्या खांद्याच्या. आमच्या लॉरेल खोऱ्यात कुणाच्याही घरात शिरा, शेकोटीच्या वर टांगलेली बंदूक आर्विल टर्पिनची असणार, म्हणजे माझी. विसावी मी डावी केली. तिची गोष्ट सांगायची मला काडीची हौस नाही, पण माझा दोस्त होबर्ट ती खोरंभर स्वतःच्या तिखटमिठासकट सांगत फिरतोय, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेली बरी.

माझा मुलगा डेल्मस जन्माचा डावखुरा. चमचा डाव्या हातात, दगड मारायचा तर डाव्या हातानं. मी त्याचा डावा हात खुर्चीला बांधून त्याला जेवायला बसवलेलं आहे. खोटं कशाला बोलू? माझ्या बापानं माझ्या भावाला असंच केलं होतं आणि भाऊ सुधारला होता. सुधारला म्हणे! जन्मभर बोलताना अडखळत राहिला, पण ते आम्ही कुणी हिशेबात धरलंच नाही. रेव्हा, माझी बायको, रडायची, म्हणायची, "अहो, राहू द्या ना त्याला त्याच्यासारखा." मी म्हणायचो, "टर्पिनांच्या घरात बंदूक उजव्या खांद्यालाच लागते."

दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आमच्या चढावर नेमबाजी असते. एक बैल कापतात, त्याचे वाटे करतात, आणि ज्याचा नेम चांगला त्याला वाटा. डेल्मस चौदा वर्षांचा असताना त्यानं सगळ्यांसमोर माझी बंदूक डाव्या खांद्याला लावली. चकमकीच्या बंदुकीला बाहेरच्या अंगाला एक छोटी वाटी असते, तिच्यात चिमूटभर बंदुकीची दारू घालतात, ठिणगी आधी तिच्यात पडते. उजव्या बंदुकीची वाटी उजवीकडे. डाव्या खांद्याला लावली की ती बरोबर तोंडासमोर येते. भडका उडाला. नाकापासून गालापर्यंत दारूचे कण कातडीत घुसले. पोरानं बंदूक टाकली आणि तोंड धरलं. आणि मी काय केलं? मी बंदूक उचलून तिचा लाकडी दस्ता तडकला का ते बघितलं. मग हसलो. म्हणालो, "आता कळलं का खांदा कुठला ते?" लोकही हसले.

ते निळे-काळे ठिपके अजून त्याच्या गालावर आहेत. एकोणिसाव्या वर्षी तो दूर डेटन शहरात निघून गेला. आईच्या मातीला आला होता, त्याला आता अकरा वर्षं झाली. दोन दिवस राहिला. त्यानंतर नाताळला कार्ड, बस.

या वसंतात एका दुकानाच्या यादीत मला डावी बंदूक दिसली. सुट्या भागांची पेटी. नळी, चाप, गारगोटी धरणारा घोडा, पितळी सामान आणि मेपलचा ओबडधोबड दस्ता. मी ते पान तीन दिवस उघडं ठेवलं. चौथ्या दिवशी पेटी मागवली.

पेटीतून बंदूक करणं म्हणजे कपाट जोडणं नव्हे. नळी लाकडात अशी बसायला हवी की मध्ये केससुद्धा जाऊ नये. त्यासाठी लोखंडाला दिव्याची काजळी लावायची, लाकडात दाबायचं, उचलायचं. जिथं काळं उमटलं तिथं लाकूड नडतंय. तेवढंच पटाशीनं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. असं दोनशे वेळा. घाई केली की संपलं, लाकूड एकदा गेलं की परत येत नाही.

होबर्ट रोज सकाळी माझ्या शेडमध्ये कॉफी प्यायला आणि नावं ठेवायला येतो. खाणीत आम्ही तीस वर्षं बरोबर होतो, त्यामुळे हाकलता येत नाही. एक दिवस तो वाकून बघत म्हणाला, "आर्विल, घोडा भलत्याच बाजूला लावलायस. डोळे गेले का रे?"

"डावी आहे."

"डावी? तू?" त्यानं कप खाली ठेवला. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेलास कधी? कळवलं नाहीस ते!"

"गप बस. डेल्मससाठी आहे."

मग तो खरंच गप बसला. होबर्ट गप बसला हे मी आयुष्यात दोनदा बघितलं. ही पहिली वेळ.

दस्त्याची लांबी माणसाच्या हातावर ठरते. कोपराच्या खळगीपासून चाप ओढायच्या बोटापर्यंत. ते माप हवं म्हणून मी डेटनला फोन लावला. दोनदा चुकीचे आकडे दाबले.

"डेल्मस, मी बोलतोय. हाताचं माप दे."

"कसलं माप, बाबा? बरं आहे ना तुमचं?"

"मला काय धाड भरलीय! बंदूक करतोय तुझ्यासाठी. कोपर ते बोट मोज. डाव्या हाताचं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"डाव्या?" तो म्हणाला.

"मग काय उजव्या? डावी बंदूक आहे म्हटलं ना."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खण उघडला, मिटला. मग म्हणाला, "साडेतेरा इंच."

"परत मोज. लाकूड एकदा कापलं की संपलं."

"दोनदा मोजलं, बाबा." मग, "खरंच डावी?"

"ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी चढावर नेमबाजी आहे," मी म्हणालो. "येशील?"

"येतो."

एवढंच बोलला. पण त्या शब्दावर मी उन्हाळाभर जगलो. शेडमध्ये गुणगुणायला लागलो, या वयात! होबर्ट म्हणाला, "अरे, बंद कर, माझी कॉफी नासेल."

दस्ता घडवला तो त्याच दिवसांत. डाव्या बंदुका फारशा खपत नाहीत, म्हणून एकच दस्ता दोन्ही खांद्यांना चालावा असा दुकानवाल्यानं मागचा भाग दोन्ही अंगांनी भरीव सोडला होता. एका अंगाला गाल टेकायला उंचवटा ठेवायचा, दुसरं अंग उतरवून सपाट करायचं. एका दुपारी मी पटाशी घेतली, कानस घेतली आणि कामाला लागलो. एकोणीस वेळा केलेलं काम. डोक्यात काहीच नव्हतं, म्हणजे डेल्मस होता, तो चढावरून हसत खाली येतोय असं काहीतरी. मेपलच्या सालपटांचा पायाशी ढीग झाला. संध्याकाळी दस्ता खांद्याला लावून बघितला. असा चपखल बसला! गाल टेकवला आणि डोळा बरोबर नळीच्या टोकावरच्या माशीवर. होबर्टनंही लावून बघितला. म्हणाला, "लोणी आहे रे, लोणी. तुझी आजवरची सगळ्यात चांगली."

त्या वेळी कुणीतरी माझ्या मुस्काटात द्यायला हवी होती.

मग पॉलिश पेपर, मग रंग, मग महिनाभर जवसाचं तेल, तळहातानं घासून घासून. लाकडातल्या लाटा वर आल्या. नळीच्या माथ्यावर कारागिरानं आपलं नाव कोरायचं अशी रीत आहे. मी माझं नाव नाही कोरलं. डेल्मस टर्पिन असं कोरलं.

शुक्रवारी तो आला. सेहेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेलं, चष्मा. मी दार उघडलं. मी म्हणालो, "जाड झालास." तो म्हणाला, "तुम्ही बारीक झालात." मी घेवडा शिजवला होता, मक्याचा पाव केला होता. त्यानं दोनदा वाढून घेतलं. मला म्हणाला, "आईसारखा नाही झालाय." मी म्हणालो, "मग आईला सांग." आणि दोघंही हसलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

शेडमध्ये त्यानं बंदुकीवरून हात फिरवला. स्वतःचं नाव वाचलं. चष्मा काढून पुसला. उचलायला गेला तर मी म्हणालो, "खांद्याला नाही लावायची हं."

"अजून पाळता तुम्ही ते?"

"पाळतो."

आमच्याकडे मालकानं नवी बंदूक पहिल्यांदा खांद्याला लावायची ती चढावरच, भरून, सगळ्यांसमोर. आधी लावली तर नेम बाटतो म्हणतात. त्यानं मान डोलावली आणि ठेवून दिली. तो उचलत होता तेव्हाच खांद्याला लावू दिली असती तर! घरातल्या घरात, आम्ही दोघंच असताना. पण नाही, रीत म्हणजे रीत.

शनिवारी चढावर चाळीसेक माणसं होती. डेल्मसचं नाव पुकारलं तेव्हा म्हातारे जरा सरसावून बसले. त्यांनाही ते चौदाव्या वर्षीचं आठवत होतं. त्यानं दारू ठेवायच्या शिंगातून ती मापून नळीत ओतली. मग माझ्याकडे पाठ करून खिशातली डबी काढली, गोळीभोवती गुंडाळायची चिंधी घेतली, गोळी बसवली आणि गजानं ठासली. डाव्या हातानं. किती सहज ठासली! एवढी वर्षं त्या हाताला मी काय करू दिलं नाही ते मला तेव्हा दिसलं.

त्यानं वाटीत दारू घातली आणि बंदूक डाव्या खांद्याला लावली. गाल खाली आणला. वर घेतला. पुन्हा आणला. मान वाकडी केली. नेम काही लागेना.

मला राहवेना. मी ओरडलो, "गाल टेकव रे! शिकवलंय ना!"

चाळीस माणसांसमोर. अगदी तेव्हासारखं.

त्यानं बंदूक खाली घेतली. उलटी केली. उजव्या अंगावरून अंगठा फिरवला, तिथं सगळं सपाट. मग डाव्या अंगावरून फिरवला. उंचवटा तिथं होता. शेजारी होबर्ट "अरे देवा" म्हणाला आणि गप बसला. ती दुसरी वेळ.

उजव्या खांद्याच्या माणसाचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकतो, डाव्या खांद्याच्या माणसाचा उजव्या. हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण हात झोपेत नव्हते, हात सवयीत होते. घोडा डाव्या माणसाचा आणि गाल उजव्याचा. माझ्या खांद्याला चपखल बसली, कारण मी ती माझ्यासाठीच केली होती. एकोणिसावीसारखीच विसावी.

डेल्मसनं बंदूक उजव्या खांद्याला लावली. गाल लगेच टेकला. आणि वाटी त्याच्या तोंडासमोर आली, त्या ठिपक्यांसमोर.

"असंच ना, बाबा?" तो हळूच म्हणाला.

"नको, डेल्मस! भाजेल!"

"माहीत आहे मला कसं भाजतं ते." त्यानं बंदूक उतरवली, वाटीतली दारू फुंकून टाकली आणि ती बाकावर नीट आडवी ठेवली. मी जवळ गेलो. तोच म्हणाला, "मुद्दाम नाही केलंत तुम्ही, कळतं मला. मुद्दाम केलं असतंत तर बरं झालं असतं. भांडलो तरी असतो."

गाडीपाशी मी म्हणालो, "दुसरा दस्ता मागवतो. पुढच्या वर्षी..."

"बाबा, मी सेहेचाळीस वर्षांचा आहे," तो म्हणाला आणि गेला.

बंदूक भरलेलीच राहिली. घरात भरलेली बंदूक ठेवू नये, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. होबर्ट म्हणाला, "हवेत झाडून मोकळी कर." मला करवेना. त्याच्या डाव्या हातानं ठासलेली होती ती. आठ दिवस ती तशीच टेबलावर पडून होती आणि मी तिच्यासमोर जेवत होतो.

नवव्या दिवशी गजाला स्क्रू लावला, गोळीत फिरवला आणि ओढून काढली. गोळीला चिंधी लपेटलेली होती. निळ्या पट्ट्यांची, उशीच्या अभ्र्याची, चारही कोपरे तिरपे कापलेली. कोपरे असे रेव्हाच कापायची. जुने अभ्रे फाडून ती चिंध्या करायची आणि पत्र्याच्या डबीत भरून ठेवायची. ती गेल्यावर ती डबी मला सापडली नव्हती. मी होबर्टवरसुद्धा आळ घेतला होता.

मातीच्या वेळी डेल्मसनं ती नेली होती. ज्यानं चौदाव्या वर्षानंतर बंदूक हातात धरली नव्हती, त्यानं अकरा वर्षं डेटनमध्ये चिंध्या जपून ठेवल्या. मी कधीतरी बोलावीन म्हणून.

त्या दिवसापासून मी रोज फोन लावतो. वाजतो आणि थांबतो. कधी वाटतं त्यानं उचलू नये. उचलला तर मी काय बोलणार? "डेल्मस, परत मोज," एवढंच सुचतं मला.