पहिली कोण?

आमच्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरी येतात. मोठ्या चादरीची घडी एकटीला जमत नाही. एक टोक मी धरते, दुसरं माझी धाकटी जाऊ. दिवसभर समोरासमोर उभं राहूनही घरी गेल्यावर तिचा भांडणाचा उत्साह कायम असतो. आमच्या नवऱ्यांची, दोघा भावांची, कामं सुटली आहेत, त्यामुळे घर आम्हा दोघींच्या पगारावर चालतं.

युनियन काढायची तर सह्यांची यादी आधी मालकाला दाखवायची, त्याने खात्री करायची, असा कायदा आहे. मागच्या खेपेला मालकाने अगदी मन लावून खात्री केली. यादीतल्या पहिल्या पाच जणी आठवड्याभरात घरी बसल्या. सगळ्यांना काढलं तर चादरी कोण धुणार? त्याला फक्त पुढे होणाऱ्या हव्या असतात. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावलं. मीही लावलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

म्हणून यंदा हे कलमच बदला, असा अर्ज थेट विधिमंडळाच्या समितीकडे न्यायचं ठरलं. पण आधी सही कोण करणार? सगळ्या एकमेकींकडे बघत बसल्या. तेव्हा जावेने डब्याचं झाकण कागदावर उपडं ठेवलं, त्याभोवती पेन फिरवलं आणि गोलावर सह्या करा म्हणाली. गोलात ना कुणी पहिली, ना शेवटची. एकतीसच्या एकतीस जणींनी कागद फिरवत सह्या केल्या. जावेला अक्कल आहे हे मी कबूल केलं, अर्थात मनातल्या मनात.

सुनावणीला आम्ही सगळ्या गेलो. मागच्या बाकावर मालकाचा मॅनेजर वही उघडून बसलाच होता. समितीच्या कारकुनाने आमचा कागद तीनदा फिरवून पाहिला आणि वैतागला. एकीच्या तरी नावापुढे एकचा आकडा हवा, पहिल्या अर्जदाराशिवाय अर्ज दाखल होत नाही म्हणाला.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "तुमच्यात पुढाकार कुणाचा?"

माझं डोकं फिरलं. "बाई, मालकही हेच विचारतो," मी म्हणाले. "तुम्हीही हेच विचारणार असाल तर आम्ही जायचं कुणाकडे?"

बाई रागावल्या नाहीत. पण नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता. आकडा घाला नाहीतर अर्ज परत न्या, असं त्यांनी सांगितलं.

कागद परत नेणं मला शक्यच नव्हतं. पेन घेतलं आणि माझ्या नावापुढे एक लिहिला. मागे मॅनेजरची वही लगेच सरसावली. तेवढ्यात जावेने माझ्या हातातलं पेन ओढलं. मी तिला डोळ्यांनी दटावलं, निदान तुझी नोकरी तरी राहू दे. तिने कधी माझं ऐकलंय? तिनेही स्वतःच्या नावापुढे एक लिहिला आणि पेन शेजारणीला दिलं.

"अहो, पहिली एकच असते," कारकून म्हणाला. "नियम आहे तसा."

"मग बदला की नियम," जाऊ म्हणाली. "त्याचसाठी तर आलोय."

कागद पुन्हा गोल फिरू लागला. मॅनेजर मागून टाचा उंचावून नावं वाचत होता, आणि कुणीही स्वतःचं नाव हाताने झाकलं नाही.