शेंदूर पुसणारा डोळा

उल्हास नदीच्या खाडीत साक्षात जलदेव प्रकटला आहे आणि रोज ओहोटीला तो डोळा उघडून भक्तांना दर्शन देतो, याबद्दल कोणालाही शंका नव्हती. देवाच्या कमरेवर 'हात लावू नये' अशी पाटी होती. तिच्यावर भक्त हार अडकवत.

खाडीचा अभ्यास करणारी मैत्रेयी चिखल तुडवत पोचली तेव्हा आरती चालू होती. देव म्हणून पुजला जाणारा हा खांब तिनेच रोवलेला. खाडीत गाळ किती येतो, किती बसतो, हे काचेच्या डोळ्याने वर्षानुवर्षं मोजत राहणारं यंत्र त्यावर होतं. भर उन्हाळ्यात पाणी रोज आपोआप गढूळ कसं होतं, हे आकडे बघून तिला कळेना. आता कळलं. राजूमहाराज यंत्राच्या काचेला शेंदूर फासत होते.

"आता बगा हां, आँख मत झपकाना!" महाराज पूर्वी उल्हासनगरात मोबाइलची कव्हरं विकत, गॅरंटी द्यायची सवय गेली नव्हती. काच आपोआप लख्ख झाली. शंख वाजला. "बघितलंस, भिकी माउली? तुझा संदीपच पुसतोय. पोरगा जिवंत हाय, फक्त देवाच्या ड्युटीवर हाय. सुट्टी भेटली की घरी!"

भिकी बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. गेल्या पावसाळ्यात संदीप पुरात वाहून गेला, प्रेत मिळालं नाही. महाराजांच्या शब्दावर तिने त्याचे दिवस केले नव्हते. रोज त्याचं ताट वाढून ठेवायची.

मैत्रेयीने पिशवीतून तसाच दुसरा डोळा काढला, काचेला चिखल लावला, बटण दाबलं. बोटाएवढी रबरी पट्टी गर्रकन फिरली. चिखल गेला.

"पाण्यात काचेवर शेवाळ धरतं, म्हणून वायपर लावलाय. गाडीला असतो तसा."

"मग आपल्या रिक्षातपण देव हाय की रे!" गर्दीतून कोणीतरी फिसकलं.

"पण मशीन फिरवतो कोण, ते विचारा!" महाराज ओरडले.

"बॅटरी," मैत्रेयी म्हणाली आणि तिने ती काढून दाखवली.

लोक हसले. तीही हसणार होती, तेवढ्यात तिला भिकीचा चेहरा दिसला.

"मंग त्यो पुसत नव्हता, बाय?"

"नाही, मावशी. असं काही दिसलं की आधी विचारायचं, हे होतं कसं? विचारायला कोणाला घाबरायचं नाही."

भिकीने मान हलवली. तिला पटलं. पटल्यावर ती तिथेच चिखलात बसली आणि शेंदराचा हात लुगड्याला पुसत राहिली.

"म्हंजी आता ताट नको वाढू."

मैत्रेयी तिच्याशेजारी चिखलात बसली.

भिकीने मग विचारलं, "ह्यो डोला पुरातबी पान्यातच व्हता ना? माजा पोर यानं बगितला का गं?"

यंत्र पुरातही चालू होतं. पण गढूळ पाण्यात त्या डोळ्याला वीतभरापलीकडचं दिसत नाही.