नॉब कुणी आत ढकलला

शरदचंद्र कंधारकरांनी नांदेडच्या तंत्रनिकेतनात तीस वर्षं ऑटोमोबाइल शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात दोन महिने बसले, आणि तेवढ्यात इंदूताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मिक्सर कसा वापरावा यावर लेखी सूचना मिळायला लागल्या. म्हणून लातूरच्या एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेत सुरक्षा अधिकाऱ्याची जागा निघाली तेव्हा अर्ज त्यांनी केला, पण देव पाण्यात घातले होते ते इंदूताईंनी.

विमान त्यांना उडवता येत नव्हतं. हे ते स्वतःच हसत हसत सांगायचे. काम होतं ते नियम करण्याचं, नियम पाळले जातात का ते बघण्याचं, आणि चुकलं की लिहून काढण्याचं. पाच वर्षांत त्यांनी अठ्ठेचाळीस परिपत्रकं काढली. विमानाजवळ छत्री कशी धरावी, यावरही एक होतं. प्रशिक्षणार्थी मुलंमुली ती परिपत्रकं वाचत नसत, हे त्यांना माहीत होतं. त्यावर त्यांनी "परिपत्रके वाचण्याबाबत" असं आणखी एक परिपत्रक काढलं होतं.

पण क्रमांक सतरावर त्यांचा खरा जीव होता. ते इंजिनाबद्दल होतं. संस्थेची छोटी विमानं दोन माणसांची, एका इंजिनाची, आणि इंजिनाला जुन्या स्कूटरसारखा कार्बोरेटर. हवेत दमटपणा असला आणि इंजिन हळू चालवलं, की त्या कार्बोरेटरच्या नळीत बर्फ धरतो. बाहेर वीस अंश असले तरी धरतो. इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यावर उपाय म्हणजे समोरच्या फळीवरचा एक नॉब बाहेर ओढायचा. त्याला म्हणायचं कार्ब हीट. इंजिनाची गरम हवा आत जाते, बर्फ वितळतो. मात्र वितळलेलं पाणी इंजिनात जातं तेव्हा इंजिन आधी जास्तच खोकतं. घाबरून नॉब परत आत ढकलला, की संपलं. क्रमांक सतराच्या शेवटी शरदचंद्रांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : "इंजिन अधिक खडखडले तरी नॉब कोणत्याही परिस्थितीत आत ढकलू नये."

डिसेंबरातल्या एका सकाळी ते निरीक्षक म्हणून लातूरहून नांदेडला निघाले. डावीकडे अंबिका बसली होती. ती संस्थेतली प्रशिक्षक, सत्तावीस वर्षांची, उदगीरच्या किराणा दुकानदार वीरण्णांची मुलगी. कमी बोलायची, विमान छान उडवायची. उजवीकडे शरदचंद्र, मांडीवर तपासणीची पाटी, हातात पेन.

हवा धुरकट होती, ओलसर. नांदेड जवळ आलं तेव्हा रेडिओवर सूचना आली, की एक मोठं विमान उतरायला येतंय, तोवर तुम्ही उत्तरेला अर्धापूरच्या बाजूला फेऱ्या मारा. अंबिकानं इंजिन हळू केलं आणि गोल फिरायला सुरुवात केली. खाली सगळीकडे केळी.

फेऱ्या मारताना करण्यासारखं काही नसतं, असा शरदचंद्रांचा समज झाला. त्यांनी विषय काढला.

"अंबिका, उड्डाणात वैमानिकाचं लक्ष विचलित होणं हे अपघातांचं फार मोठं कारण आहे."

"हो सर."

"लोक समजतात मोबाइलनंच लक्ष जातं. तसं नाही. शेजारी बसलेला माणूस नुसता बोलत राहिला तरी..."

अंबिकाचा हात फळीकडे गेला. "एक मिनिट सर, जरा कार्ब हीट..."

"ते कर, पण आधी माझं वाक्य पूर्ण ऐक."

ती थांबली. तंत्रनिकेतनातल्या मास्तरांचं वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागतो. त्या वाक्यात दोन उपवाक्यं होती, एक उदाहरण होतं आणि एक आकडेवारी होती. आकडेवारीपर्यंत पोचायच्या आत इंजिन थरथरलं.

अंबिकानं नॉब खसकन ओढला. इंजिन भयंकर खोकायला लागलं. सगळं विमान हादरलं, शरदचंद्रांच्या मांडीवरची पाटी खाली पडली. पुढे काय झालं ते त्यांना नंतर कित्येक दिवस नीट आठवायचं नव्हतं, पण आठवत होतं. त्यांचा डावा हात पुढे गेला आणि त्यानं तो नॉब आत ढकलला. पूर्ण आत, तळहातानं, दार लावावं तसा.

"सर, हात!" अंबिका ओरडली.

इंजिन बंद पडलं. तिनं पुन्हा नॉब ओढला, चावी फिरवली, टाकी बदलली. पण बंद पडलेल्या इंजिनाकडे गरम हवा कुठली असायला? समोरचा पंखा नुसता वाऱ्यावर फिरत राहिला.

एवढी शांतता शरदचंद्रांनी विमानात कधी ऐकली नव्हती. अंबिकानं रेडिओवर तीन वाक्यांत सगळं सांगितलं. मग मान वळवून तिनं खाली पाहिलं. केळी, केळी, उसाचा एक पट्टा, पुन्हा केळी. एका ठिकाणी जुनी बाग काढून रान मोकळं केलेलं होतं, तपकिरी, लांबट.

"तिथं जातो आपण. सर, पट्टा घट्ट करा. दार उघडून ठेवा."

"कोणतं दार?" शरदचंद्रांनी विचारलं.

त्यांच्या बाजूला एकच दार होतं.

अंबिकानं स्वतः वाकून ते उघडलं. केळीची पानं खूप जवळून गेली. चाकं टेकली, उडाली, परत टेकली, ढेकळांवरून हाडं खिळखिळी करत विमान धावलं आणि बांधाच्या अलीकडे थांबलं. दोघांना खरचटलंही नव्हतं. शरदचंद्र खाली उतरले, चार पावलं चालले आणि मातीत बसले.

रानाचा मालक दगडोबा मोटारसायकलवरून आला. त्यानं आधी अंबिकाला पाणी दिलं, मग शरदचंद्रांना, मग विमानाकडे पाहिलं.

"मोटर बंद पडली का?"

"हो मामा," अंबिका म्हणाली.

"हवा धरली आसंल. आमची बी धरती." त्यानं शरदचंद्रांकडे बोट केलं. "ह्ये सायब काय करतेत?"

"ते सुरक्षा बघतात."

दगडोबानं मातीत बसलेल्या सुरक्षेकडे एकवार नजर टाकली आणि पाणी परत त्यांच्यापुढे केलं. ही त्याची सभ्यता होती.

दुसऱ्या दिवशी चौकशी खात्याच्या राजश्री मॅडम आल्या. तोवर पोलिसांनी विमानाभोवती दोरी बांधली होती आणि अर्धं अर्धापूर फोटो काढून गेलं होतं. मॅडमनी पेट्रोल तपासलं. स्वच्छ. तारा तपासल्या. ठीक. मग त्यांच्या तंत्रज्ञानं इंजिन चालू करून पाहिलं. पहिल्याच फटक्यात ते चालू झालं, इतक्या गोड आवाजात की गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

"चालू हाय की!" दगडोबा म्हणाला. "मंग उतरले कशाला?"

शरदचंद्रांनी त्याला बर्फाचं समजावून सांगितलं. नळीत बर्फ होता, तो वितळला, आता खूण राहिली नाही.

"बर्फ? अर्धापुरात?" दगडोबानं शेजारच्या माणसाकडे पाहिलं. "लई शिकल्याली माणसं हायत बाबा."

बर्फ वितळला होता आणि नॉबवर कुणाच्या हाताचा ठसा उठत नाही. शरदचंद्रांच्या मनात हा विचार आला तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली, पण विचार गेला नाही.

मॅडमनी दोघांना वेगवेगळं विचारलं. शरदचंद्र म्हणाले, "सगळं फार पटकन झालं. लेखी देतो." अंबिकानं काय सांगितलं ते त्यांना नंतर कळलं. ती म्हणाली होती, "मी नॉब ओढायला उशीर केला. ओढला, मग तो आत गेला." चौकशी होईपर्यंत तिला उड्डाण बंद झालं आणि ती उदगीरला घरी गेली.

शरदचंद्रांनी नांदेडच्या घरी तीन दिवस बसून लेखी जबाब तयार केला. सहा पानं झाली. सवयीप्रमाणे तो इंदूताईंकडे गेला. त्या शाळेत मराठी शिकवायच्या आणि नवऱ्याचं प्रत्येक परिपत्रक त्यांच्या लाल पेनाखालून जायचं. बहुतेक वेळा त्या पूर्णविराम देत. या वेळी त्या चौथ्या पानावर थांबल्या.

"अहो, हे काय? 'सदर नॉब पूर्ववत आत करण्यात आला.' कुणाकडून?"

"म्हणजे... तो गेला आत."

"आपोआप?"

"इंदू, सरकारी भाषा अशीच असते."

"सरकारी भाषा मी पण वाचलीय. सहा पानांत तुम्ही एकोणीस ठिकाणी 'मी' लिहिलंय. मी निरीक्षण केले, मी सूचना दिली, मी पट्टा आवळला. याच एका वाक्यात कर्ता नाही. सातवीतल्या पोरानं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, विसरला. तुम्ही विसरणारे नाही."

शरदचंद्रांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी सांगितलं. वाक्य पूर्ण ऐक म्हणाल्याचंही सांगितलं, आणि अंबिकानं काय जबाब दिला तेही.

इंदूताईंनी सहाही पानं मिटून बाजूला ठेवली. "आणि त्या पोरीनं 'आत गेला' म्हटलं," त्या म्हणाल्या. "तिनं तुम्हाला वाचवलं. कशासाठी, ते तिलाच विचारून या."

ते सकाळच्या एसटीनं उदगीरला गेले. वीरण्णांच्या दुकानात अंबिका गल्ल्याशेजारी उभी राहून कुणाला तरी तूरडाळ तोलून देत होती. तराजूकडे ती विमानातल्या काट्यांकडे बघते तशीच बघत होती.

"बर्री, बर्री, या सर," वीरण्णा उठून उभे राहिले. "चहा सांगतो. पोरीचं काय झालं हो? विचारलं तर बोलंना. मशीन बिघडली म्हणते नुसतं."

"मशीन नाही बिघडली. मी बिघडवली," शरदचंद्र म्हणाले.

गिऱ्हाईक डाळ घेऊन गेलं, पण दाराशीच रेंगाळलं. वीरण्णांनी त्याला हातानंच वाटेला लावलं.

"अंबिका, तू का नाही सांगितलंस?"

तिनं माप जागेवर ठेवलं. "काय सांगायचं सर? तुमची साठी उलटली. नोकरी गेली असती. आणि खरं सांगू का, विमान माझं होतं. तुमचं वाक्य चालू होतं तेव्हा मी 'थांबा सर' म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं. तुम्ही शिक्षक, म्हणून थांबले."

"माझा धाक होता म्हणायचं."

"धाक नाही सर." ती पहिल्यांदा जरा हसली. "तुमची वाक्यं मध्ये तोडली की तुम्ही परत पहिल्यापासून सुरू करता. सगळ्यांना माहितीय."

वीरण्णा मोठ्यानं हसले, मग पाहुण्यासमोर हसलो म्हणून वरमले. शरदचंद्रांनाही हसू आलं. पाच वर्षं ते समजत होते, की पोरं त्यांचं ऐकतात ते नियमांच्या आदरापोटी.

"मी खरं लिहून देणार आहे," ते म्हणाले.

"द्या सर. पण माझा उशीर पण लिहा. तो खोडू नका."

नवा जबाब एका पानाचा झाला. "वैमानिक कार्ब हीट वापरू पाहत असताना मी तिला बोलण्यात थांबवले. नंतर इंजिन खडखडल्यावर मी घाबरलो आणि माझ्या हाताने नॉब आत ढकलला. असे करू नये हे मीच परिपत्रकात लिहिले आहे." इंदूताईंनी वाचलं. लाल पेन उघडलं आणि तसंच बंद केलं.

राजश्री मॅडमचा फोन आला तेव्हा शरदचंद्र उभे राहून बोलले.

"कंधारकर साहेब, हे आधीच का नाही दिलंत?"

"लाज वाटत होती मॅडम."

"हे कारण पण लिहून द्या. इंजिनाच्या कारणांइतकंच ते उपयोगी आहे."

अंबिकाचं उड्डाण नवव्या दिवशी चालू झालं. शरदचंद्रांना सहा महिने विमानात बसायला बंदी आली, आणि संस्थेनं त्यांना नोकरीवरून काढलं नाही. ते त्यांना शिक्षेपेक्षा जड गेलं. रोज त्याच मुलांसमोर उभं राहायचं होतं. नवा नियम त्यांनाच लिहावा लागला : फेऱ्या मारताना निरीक्षकाने बोलू नये, वैमानिक "थांबा" म्हणाल्यास कितीही ज्येष्ठ माणसाने थांबावे, आणि निरीक्षकाने दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवावेत. तीन ओळी. पोरांनी त्याला "मांडी परिपत्रक" असं नाव दिलं, आणि त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच एखादं परिपत्रक सगळ्यांनी वाचलेलं निघालं. त्यामागची गोष्ट ते प्रत्येक तुकडीला स्वतः सांगत, "कोणतं दार?" यासकट. त्या जागी वर्ग हसायचा. ते थांबून हसू देत.

बंदीच्या महिन्यांत त्यांनी आणखी एक उद्योग केला. वैमानिकांच्या लेखी परीक्षेला बसायचं ठरवलं. शेवटच्या बाकावर, विशीतल्या पोरांच्या शेजारी, वही घेऊन. इंदूताई म्हणाल्या, "बसा. ऐकून घ्यायची सवय लागेल." निकाल जूनमध्ये लागला. हवामानात उत्तम गुण पडले, इंजिनात त्याहून उत्तम, आणि नॅव्हिगेशनमध्ये चार गुणांनी नापास. कागदावरचं त्यांचं विमान लातूरहून निघून नांदेडऐवजी माहूरच्या डोंगरात पोचलं होतं.

हे त्यांनी वर्गात स्वतःच वाचून दाखवलं आणि पुनर्परीक्षेचा अर्ज भरायला खाली ऑफिसात गेले.