होल्डनला फोर्डची चाकं

"बाबा, आजच ने मला. उद्या मी हो म्हणेन याचा काही भरवसा नाही."

नेदा दारात उभी होती, स्वतःचेच दंड दोन्ही हातांनी आवळून. झ्वोन्कोच्या हातातली कॉफी सांडली. वर्षभर हा माणूस या एका वाक्याची वाट बघत होता. हातापाया पडून झालं, शिव्या देऊन झालं, खोलीला कुलूप लावून झालं. बायको तर कंटाळून झाग्रेबला बहिणीकडे निघून गेली. आणि आज पोरगी आपल्या तोंडाने म्हणत होती, मला नशामुक्ती केंद्रात ने.

त्याने लगेच पोर्ट ऑगस्टाच्या केंद्राला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "एक जागा आहे. चार वाजेपर्यंत धरून ठेवते. नंतर दुसऱ्याला द्यावी लागेल, माझा इलाज नाही."

वाळवंटातल्या त्यांच्या कूबर पीडीपासून पोर्ट ऑगस्टा म्हणजे पाच-सहा तास. वेळ होता. गाडीही होती, अगदी दारात. फक्त तिला चाकं नव्हती.

बाहत्तर सालची होल्डन किंग्सवुड. खाणीत पहिला चांगला ओपलचा खडा हाती लागला तेव्हा घेतलेली, आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाला धुवायलासुद्धा न दिलेली. ती आता विटांच्या चार थप्प्यांवर उभी होती, कारण गेल्याच आठवड्यात नेदाने तिची चारही चाकं काढून एका वाटसरूला विकली होती. खाणीवरची जीप तर तिने त्याआधीच फुंकून टाकली होती. घरातल्याच चोराची तक्रार माणूस कुणाकडे करणार?

तो गावात धावला. चार ठिकाणी दार वाजवलं, चारही ठिकाणी माणसं मान हलवून आत गेली. त्यांचं तरी काय चुकलं? नेदाने कुणाचा जनरेटर उचलला होता, कुणाच्या पोराचे साठवलेले पैसे. तिला गाडीत घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी राहिला शेजारचा थानासिस. हा ग्रीक म्हातारा जन्माचा फोर्डवाला. टेकडीच्या पोटात कोरलेली दोघांची घरं एकमेकांना लागून, आणि तीस वर्षं दोघांचं भांडण एकच, होल्डन की फोर्ड.

थानासिसच्या फोर्डचा गिअरबॉक्स शेडमध्ये जमिनीवर उघडा पडला होता. पण चाकं चांगली होती.

"थानासिस, तुझी चाकं दे."

"अरे वा! पुन्हा बोल, नीट ऐकू दे. फोर्डच्या चाकातून कोंबड्यांनासुद्धा पाणी पाजणार नाही म्हणणारा तूच ना?"

"थट्टा नको रे. नेदा हो म्हणाली."

म्हातारा लगेच स्टुलावर चढला आणि फळीवर धूळ खात पडलेल्या चार जाड चकत्या काढून आणल्या. होल्डनच्या बोल्टांचं वर्तुळ मोठं, फोर्डचं जरा लहान. एकाचं चाक दुसऱ्याला बसत नाही. म्हणून मध्ये ही चकती, अ‍ॅडाप्टर. ती आधी गाडीला आवळायची, आणि मग चाक तिच्यावर. पोलिसांनी पाहिलं तर गाडी जागच्या जागी उभी करतील, पण पोलिसांची फिकीर आज कोण करतंय!

दोघं घामाने निथळत चाकं बसवत होते आणि नेदा पायरीवर बसून नखं कुरतडत होती. निघायला दहा वाजले.

"शंभर किलोमीटरवर थांब," थानासिसने बजावलं. "चाकं उतरवून आतले नट परत आवळ. नव्याने लावलेली चकती जागेवर बसली की ते सैल पडतात, आणि बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. शहाणपणा करू नकोस."

"थांबतो," झ्वोन्को म्हणाला.

थांबतो कुठला! मागे एकदा नेदाला जबरदस्तीने नेत असताना तो वाटेतल्या ग्लेंडॅम्बोच्या पेट्रोल पंपावर पाच मिनिटं थांबला होता. तेवढ्यात ही मागच्या बाजूने एका ट्रकात चढून पसार. महिनाभर जिवंत आहे की मेली ते कळलं नव्हतं. आता गाडी थांबली की दार उघडणार, आणि दार उघडलं की पोरगी गेली. शंभर किलोमीटर आले, गेले. त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला नाही. ग्लेंडॅम्बोचा पंपही त्याने मान न वळवता मागे टाकला.

पुढे थोड्याच अंतरावर स्टिअरिंग थरथरायला लागलं.

"बाबा, गाडी हलतेय."

"रस्ता खराब आहे."

"रस्ता चांगला गुळगुळीत आहे. चाक सुटतंय बाबा! थांब ना."

"नाही."

"मरू आपण!"

"मरू. पण मी थांबणार नाही."

हे त्याने इतकं शांतपणे सांगितलं की नेदा वळून त्याच्याकडे बघतच राहिली. बापाची मान ताठ, डोळे लाल. तिला कळलं, हा खरंच नाही थांबणार. दोघांना घेऊन जाईल, पण थांबणार नाही. ती खाली वाकली, पायांतले बूट काढले आणि त्याच्या मांडीवर ठेवले.

"घे. डांबर वितळतंय बाहेर. अनवाणी कुठे जाणार आहे मी? आता तरी थांबव."

त्याने गाडी बाजूला घेतली.

त्याने पुढचं उजवं चाक उतरवलं. आतले नट बोटाने फिरत होते आणि एक तर गळूनच गेला होता. अजून दहा मिनिटं गेला असता तर? देवा रे! त्याने डिकीतून नट शोधून बसवला, सगळे आवळले, दुसऱ्या चाकाकडे गेला. नेदा गाडीच्या सावलीत घोंगडीवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. दुसरं झालं. तिसरं उतरवलं तेव्हा तिचे दात वाजायला लागले होते.

"बाबा, बूट दे."

तो आवळत राहिला.

"मला नाही जायचं. मला नाही जमणार ते. बूट दे म्हणते ना! तुझ्यामुळे गेली आई, माझ्यामुळे नाही. त्या भंगारावर जेवढा जीव लावलास तेवढा आमच्यावर कधी लावलास?"

झ्वोन्कोचे डोळे भरले, पण पाना थांबला नाही. समोरून एक लांबलचक ट्रक येत होता. नेदा उठली आणि हात वर करून अनवाणीच डांबरावर धावली. चार पावलांत तिची किंकाळी फुटली. एवढं ओझं घेऊन ट्रक थोडाच थांबतोय! कर्णकर्कश हॉर्न देत तो तिच्या अगदी जवळून निघून गेला आणि ती रस्त्यावर बसकण मारून, पाय वर धरून ओरडत राहिली.

त्याने पाना टाकला, धावत जाऊन तिला उचललं. अठ्ठावीस वर्षांची पोर, आणि हाताला वजन लागेना. ती त्याच्या छातीवर बुक्क्या मारत होती, तेही लागत नव्हतं. "मार," तो म्हणाला, "मार, पण चल." तिला आत बसवून त्याने पाण्याची सगळी बाटली तिच्या पायांवर ओतली. तळवे फोडांनी भरले होते.

तिसरं चाक चढवलं. चौथ्याला वेळ उरला नव्हता. मागच्या डाव्या चाकाकडे कान लावून तो पोर्ट ऑगस्टापर्यंत गाडी हाकत गेला. नेदा रडत होती, मग रडायची थांबली, मग नुसती खिडकीबाहेर बघत राहिली.

चारला थोडा वेळ होता. त्याने तिला उचलून केंद्राच्या दारापर्यंत नेलं. फोनवरची बाईच बाहेर आली.

"खाली ठेवा तिला."

"पाय भाजलेत हो तिचे."

"पायांचं आम्ही बघतो. पण आत तिचं तिने यायला हवं. उचलून आणलेलं माणूस मी घेऊ शकत नाही."

झ्वोन्कोला वाटलं, त्या बाईचे पाय धरावेत. मग वाटलं, तिला ढकलून सरळ आत घुसावं. त्याने नेदाला खाली ठेवलं. तिने एकदा रस्त्याकडे पाहिलं. आता ही वळली, तर बोलायला आपल्याकडे एक शब्द उरलेला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिला हात न लावता तो नुसता उभा राहिला.

नेदाने भिंत धरली. टाचांवर, दात खाऊन, एकेक पाऊल टाकत ती दारापर्यंत गेली. तिथे मागे वळली.

"बाबा, मागचं डावं चाक राहिलंय. ते आवळल्याशिवाय गाडी हलवायची नाही. कळलं?"

"कळलं बाळा."

दार लागलं. झ्वोन्कोने जॅक काढला. पलीकडे झाडाखाली सावली होती, पण त्याने गाडी तिकडे नेली नाही. कुठल्यातरी खिडकीतून ती बघत असेल म्हणून तो तिथेच उन्हात बसला, चाक उतरवलं आणि आतला एकेक नट सावकाश, दोन-दोनदा आवळला.