डेंटलच

"हो रे, मिळालंय… पण डेंटलच. एमबीबीएस हुकलं," त्र्यंबक कल्याणला राहणाऱ्या भावाला फोनवर हळू आवाजात सांगत होता. फोन ठेवून वळला, तर दारात संचिता उभी.

"बाबा, तू पण 'डेंटलच' म्हणतोस?"

सव्वीस वर्षं त्र्यंबक मानपाड्याच्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवत होता. त्याच्या हातचे दात लावून कितीतरी माणसं पुन्हा भाकरी चावू लागली होती. आणि त्याच्याच तोंडून तो 'च' निसटला होता.

"अकरा मार्क कमी पडले मला," संचिता म्हणाली. "पण हे काय फुकट मिळालं? परीक्षा तीच ना? क्लासमधल्या चौघांना डेंटलची सरकारी सीट पण नाही मिळाली. तरी जो तो म्हणतो, अजून एक वर्ष बस." तिचा आवाज खाली आला. "मलाच कळत नाहीये रे. आज पाचपर्यंत कागद नाही दिले, तर ही पण जाईल."

त्र्यंबकने चपला पायात सरकवल्या. तो एवढंच म्हणाला, "लॅबला येतेस?"

इतक्या वर्षांत ती तिथे कधी गेली नव्हती. त्याच्या टेबलावर रखमाबाई नावाच्या आजींची कवळी होती. दात अजून गुलाबी मेणातच बसवलेले. शेजारी आजींचा तरुणपणीचा फोटो. हसताना समोरचा एक दात किंचित वाकडा दिसत होता.

"तो तसाच हवाय त्यांना," त्र्यंबक म्हणाला. "त्यांच्या यजमानांना आता माणसं ओळखू येत नाहीत. आजी डॉक्टरांना म्हणाल्या, मी हसले की कदाचित ओळखतील."

त्याने मेण ऊन करून दात जरासा वळवला. संचिताने फोटो उजेडात धरला.

"जास्त झाला. आत घे थोडा… अजून… हां, बस."

त्र्यंबकने कवळी फोटोशेजारी धरली.

"ओळखतील का रे?"

"काय माहीत. आपण दात नीट लावायचा." मग खाली मान घालून तो पुटपुटला, "सकाळी चुकलंच माझं."

संचिताने घड्याळ पाहिलं. साडेबारा.

"चल, कॉलेजला जाऊ. तू सांगतोस म्हणून नाही हां."

"मी कुठे काय सांगितलं?"

घरून कागद घेऊन, बसने कॉलेजला पोचून ती दोघं प्रवेशाच्या खिडकीपुढच्या रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर आतल्या बाईंनी विचारलं, "वडील काय करतात?"

"नोक…" त्र्यंबक सवयीने सुरू झाला.

"कवळ्या बनवतात," संचिता म्हणाली.

बाईंनी मान वर न करता ते टाइप केलं आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. त्र्यंबकच्या नखांत गुलाबी मेण अडकलं होतं. एरवी त्याने मूठ मिटली असती. त्याने तळवा पसरून कागद दाबून धरला आणि सावकाश, पूर्ण नावाची सही केली.