मुठीच्या चकल्या

आमच्या नवऱ्याचा हात मोठा सढळ आहे, असं सगळं मरोळ गावठाण म्हणतं. आहेच सढळ. फक्त तो हात माझ्या खांद्याला जोडलेला आहे, तेवढं कुणाला दिसत नाही.

आमची पिठाची गिरणी आहे. मागच्या खोलीत आम्ही राहतो. आमचे हे म्हणजे बाळा परब, लोकांचे बाळाशेठ. राग आला की मीही बाळाशेठच म्हणते. गिरणी घेतली त्या वर्षी ह्यांनी एक प्रथा काढली. दिवाळीची भाजणी दळून झाली की प्रत्येकीनं आपल्या पिठातली एक मूठ काउंटरवरच्या डब्यात टाकायची. सगळ्या घरांच्या त्या मिसळलेल्या पिठाच्या चकल्या करायच्या आणि पहिल्या आंघोळीच्या सकाळी गिरणीच्या दारात सगळ्यांनी चहाबरोबर खायच्या. नाक्यावरच्या क्रुसापलीकडची तेरेसा चकली करत नाही, पण तीही तांदळाच्या पिठाची मूठ टाकून जाते. लोकांना फार कौतुक. कुणीतरी दरवर्षी फोटो काढतं.

प्रथा ह्यांनी काढली, पण तळणीपुढे मी उभी. आणि ते पीठ म्हणजे बारा गावचं पाणी. कुणाच्या भाजणीत उडीद जास्त, कुणी भाजताना करपवलेली. एका वर्षी चकल्या तेलात विरघळतात, दुसऱ्या वर्षी वातड होतात. मी सोऱ्या दाबून दाबून घामाघूम होते आणि सकाळी लोक तोंडात तुकडा टाकून म्हणतात, "बाळाशेठ, मानलं तुम्हाला!" बाळाशेठ हात जोडतात.

यंदा नवरात्रापासून माझा उजवा खांदा वर जाईना. डॉक्टर म्हणाले, आराम करा. मला हसूच आलं. पण खरं सांगायचं तर खांदा निमित्त होता. मी दमले होते. झोपून उठलं तरी जात नाही, तसलं दमणं. पिठाचा वास आला तरी रडावंसं वाटायचं.

कोजागिरी झाल्यावर एका सकाळी मी ह्यांना सांगून टाकलं. "यंदा मुठीच्या चकल्या मी करणार नाही. लोकांना सांगा."

ह्यांची चहाची बशी ओठांपाशीच थांबली. "नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. विकत आणा, नाहीतर तुम्ही तळा."

"लोकांना काय सांगू?"

"मी दमलेय म्हणून सांगा. खोटं थोडंच आहे?"

बशी खाली ठेवून हे म्हणाले, "बघतो. सांगतो मी."

मला वाटलं, नाही सांगायचे. पण भाजणीची रांग रस्त्यावर आली तशी एक दिवस काउंटरवरचा डबा दिसेनासा झाला. म्हणजे सांगितलं तर! आणि काय नवल, कुणी तोंड वाकडं केलं नाही. उलट सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. समोरच्या बिल्डिंगमधली शुभा एरवी "वहिनी, माझं आधी घ्या ना" म्हणून डोकं खाते. तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "तुम्ही बसा हो वहिनी. स्वतःला जपा." तेरेसानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "मनाला लावून घेऊ नको गं, सुगंधा. देवाची मर्जी." सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर पाटकर कधी मोबाईलमधून मान वर काढत नाहीत, त्यांनी मला पाहून हात जोडले.

एका खांद्यासाठी एवढं? मला भरून आलं. इतकी वर्षं ह्या लोकांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि त्यांना सगळं कळत होतं. फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं. एकदा तर मनात आलं, एवढी माया करतात बिचारे, तर थोड्या करूनच टाकाव्यात. पण खांद्यानं नाही म्हटलं.

हे मात्र फुगून बसले होते. दाढी नाही, धड बोलणं नाही. माळ्यावरून कंदील काढायला मी स्टूल आणलं तर म्हणाले, "यंदा राहू दे." म्हटलं, फुगा. किती दिवस फुगाल?

पहिल्या आंघोळीला मी तेलाची वाटी पुढे केली, तर तीही नको. मी आपली उटणं लावून सावकाश आंघोळ केली. दिवाळीच्या सकाळी अंगाला तळणीचा वास नाही, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असेल. चहा घेऊन नुसती बसले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग गिरणीच्या दाराशी माणसांचे आवाज आले. शटर वर केलं तर सगळे उभे. शुभा, तेरेसा, पाटकर, गल्लीतले अजून कितीतरी. प्रत्येकीच्या हातात रुमालानं झाकलेलं ताट. शंकरपाळी, चिवडा, करंज्या, शुभाच्या ताटात चकल्या. तेरेसानं केळी आणली होती. मी केलं नाही म्हणून माझ्यासाठी करून आणलं! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पाणी बघून शुभाच्याही डोळ्यांत आलं.

"रडू नका वहिनी," ती म्हणाली. "तुम्हाला गावाला जायलाही मिळालं नाही. किती वय होतं काकींचं?"

"कुठल्या काकींचं?"

"चंपाकाकींचं. बाळाशेठच्या चुलतीचं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गिरणीच्या पट्ट्याकडे बघत होते. आठवड्याची वाढलेली दाढी, न लावलेला कंदील, नको म्हटलेलं तेल. माझ्या घरात सुतक चालू होतं आणि मलाच पत्ता नव्हता! लोक माझ्या खांद्यासाठी हळू बोलत नव्हतेच. सुतकाच्या घरी तळत नाहीत म्हणून ताटं आली होती. मी दमले हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि न सांगता ते कुणाला दिसलंही नव्हतं.

पाटकर घसा खाकरून म्हणाले, "एवढं सुतक असून बाळाशेठनी आपल्यासाठी गिरणी चालू ठेवली. मानलं पाहिजे."

ते 'मानलं' माझ्या डोक्यात गेलं. गप्प बसले असते तर ह्यांची लाज राहिली असती. पण लाज राखणं हेही एक कामच असतं, आणि तेही माझ्याच वाट्याला येतं. माझ्यात तेवढंही त्राण नव्हतं.

"चंपाकाकी ठणठणीत आहेत," मी म्हटलं. "कुणी गेलेलं नाही. मी दमलेय, म्हणून चकल्या केल्या नाहीत. एवढंच."

ताटं हातातच राहिली. पाटकर म्हणाले, "म्हणजे... पुढच्या वर्षी आहेत ना?"

शुभाला आधी ठसका लागला, मग ती हसायला लागली. "काय हो वहिनी, आधी सांगायचं ना! मी काल ह्या चकल्या तळताना रडकुंडीला आले होते. पाठीची वाट लागली. आता माझ्याकडे कुणाला मारू? एक मावससासू आहे, पण तिच्याकडे आम्हाला भाऊबीजेला जायचंय."

"मला नाताळाला लागेल कुणीतरी," तेरेसा म्हणाली. "माझ्या नवऱ्याची, व्हर्ननची आत्या आहे वाकोल्याला. पण ती जवळ आहे यार, कळलं तर उठून भांडायला येईल."

मग सगळ्याच बायका हसत सुटल्या. कुणी सासूचं नाव घेतलं, कुणी दिराचं. ताटं काउंटरवर टेकवून त्या तिथेच पिठाच्या पोत्यांवर बसल्या. मीही हसले. हसता हसता डोळे पुसत होते, आणि बघितलं तर त्याही पुसत होत्या. पुरुष मंडळी आपापल्या मोबाईलमध्ये बघत उभी होती.

सगळे गेल्यावर हे म्हणाले, "मी काय सांगणार होतो? बायको दमली म्हणून? लोक म्हणाले असते, घरात काहीतरी बिनसलंय."

"त्यापेक्षा जिवंत माणूस मारलात?"

"खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं."

"वाढू दे. तुम्ही आधी दाढी करा."

ते उठले आणि दाढी करायला गेले. मला अजून बोलायचं होतं, पण भांडायलाही अंगात बळ लागतं.

दुपारी मात्र मनात पाल चुकचुकली. सणासुदीचं अभद्र बोलून ठेवलंय. मी गावी फोन लावला. चंपाकाकींनीच उचलला. ऐंशी कधीच उलटली, तरी आवाज खणखणीत.

"बऱ्या आसास मां, काकी?"

"माका काय धाड भरली? पहाटेपासून पोहे करतंय. गोडाचे, तिखटाचे, ताकातले. सगळो गाव खाऊन गेलो. तुझ्यो चकल्यो झाल्यो?"

"यंदा नाय केलंय."

मग काकींचा आवाज एकदम खाली आला.

"कोण गेला गो?"

"कोण नाय, काकी. मी दमलंय म्हणान नाय केलंय."

मग त्यांनी विचारलं, "तसा सांगलां तर चलता?"

"यंदा चाललां."

"थांब," काकी म्हणाल्या. "नीट सांग. काय म्हणालंस तू लोकांका?"

मी परत सांगितलं.