तक्त्यावरचे अठरा श्वास

आम्ही नर्सिंग शिकत होतो तेव्हा वॉर्डाला फिनेल आणि उकळलेल्या सुयांचा वास असे. टोप्यांना इतकी खळ असायची की एखादी पडली तर टक्क वाजे. त्या बॅचमधल्या आता आम्ही दोघीच उरलोय.

नाडी मोजणं सोपं, श्वास मोजणं कठीण. मोजतायत हे कळलं की पेशंट श्वास सांभाळून घेतो. म्हणून मोठ्या सिस्टरांची शिकवण अशी: नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर छातीकडे वळवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. तीस पेशंट म्हणजे तीस मिनिटं. कोण मोजत बसतंय! धडधाकट माणसाचे साधारण अठरा भरतात, म्हणून आम्ही मुली तक्त्यावर सरळ 'अठरा' लिहून मोकळ्या व्हायचो.

अकरा नंबरच्या खाटेवर शिंपीमामा होते. आदल्या दिवशीच पोटाचं ऑपरेशन झालेलं, पण तोंडाला विश्रांती नाही. मी मनगट धरलं की म्हणायचे, "पोरी, हात मागायचा तर आधी मामीला विचार हो!"

शेजारी बसलेल्या मामी म्हणायच्या, "घेऊन जा गं बाई. फक्त परत आणून देऊ नकोस."

त्या दुपारी चारच्या फेरीला मामांनी तेच सुरू केलं. "पोरी, हात मागायचा तर..." आणि थांबले. दम घेतला. मग उरलेलं म्हणाले. मामी हसल्या. मला काही हसू येईना. मनगट तसंच धरून मी पूर्ण मिनिट मोजलं. तीस! नाडीही सकाळपेक्षा बरीच जलद.

डॉक्टर शेजारच्या वॉर्डात निघाले होते. त्यांना थांबवलं.

"ताप नाही, रक्तदाब ठीक," ते तक्ता बघत म्हणाले. "कालपासून अठरा, बारा वाजताही अठरा. आणि आता एकदम तीस? मोजण्यात चुकलीस. संध्याकाळी बघू."

मागच्याच महिन्यात खोटी नोंद केली म्हणून एका मुलीला ट्रंकेसकट घरी पाठवलं होतं. माझ्या पाठोपाठ घरी दोन बहिणी शिकायच्या होत्या. पण संध्याकाळ फार लांब होती.

"सर, ते अठरा मी न मोजता लिहिलेत. श्वास केव्हापासून वाढलाय, मला माहीत नाही."

औषधांच्या कपाटाशी उभ्या असलेल्या मोठ्या सिस्टरांनी वळून पाहिलं. डॉक्टर तडक मामांजवळ गेले, स्वतः श्वास मोजले, पोट दाबून पाहिलं. अर्ध्या तासात मामा पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर होते. आतला एक टाका सुटून रक्त साठत होतं.

मामा वाचले. चौथ्या दिवशी डॉक्टरांना म्हणाले, "टाका सुटला तर आमच्याकडे गिऱ्हाईक तोंडावर कपडा फेकतं!"

पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, मोठ्या सिस्टरांनी मला टेबलाशी बोलावलं. तीसच्या तीस तक्ते समोर ठेवले.

"तुझा प्रत्येक अठरा खोड. शेजारी लिही, 'न मोजता लिहिले.' आणि खाली सही."

"आणि नंतर घरी जाऊ, सिस्टर?"

"नंतर सहाची फेरी कोण करणार, तुझी आजी?"

मी खोडायला लागले. बऱ्याच वेळाने मागे पावलं वाजली. बाकीच्या मुली उभ्या होत्या, माना खाली घालून. त्यातल्या एकीने हात पुढे करून माझ्याकडे पेन मागितलं.